शब्दाला साक्षीदार हवा!

हॉस्टेलला आलो त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. घरी फोन करून रूमवर आलो आणि सहज बोललो, "आण्णा वावरात गेलेत." रूम पार्टनर पुण्याकडचा. तो म्हणतो, "कोणाच्या वावरात?" त्याच्या मराठीत वावर म्हणजे नुसतं येणं-जाणं. आमच्या वसमतकडं वावर म्हणजे शेत! सगळी रूम हसली, मीही हसलो. पण त्या दिवसापासून मी गपचूप 'शेत' म्हणायला लागलो. आज त्याचंच वाईट वाटतं.

खरं तर दोघंही बरोबर होतो. त्याचा 'तो वावर', आमचं 'ते वावर'. पण कोणता शब्द कोण, कुठं, कसा बोलतं हे नुसता अर्थ वाचून कळत नाही. त्यासाठी वाक्य लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ऑनलाइन शब्दकोशात शब्दाखाली चांगल्या कादंबरीतलं वाक्य पाहिजे, तेही पुस्तकाचं नाव, साल आणि पान नंबर देऊन.

आयडिया नवी नाही. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासाठी साध्यासुध्या वाचकांनी पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली. त्याचा पहिला भाग १८८४ ला निघाला, काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. आपल्याकडं दाते-कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ मध्ये 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड काढले. त्यात ज्ञानेश्वरी, दासबोधातले दाखले आहेत. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर हा कोश आणि मोल्सवर्थचा कोश, दोन्ही फुकट बघायला मिळतात.

पण जरा साल बघा. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही मराठीतली पहिली कादंबरीही १८५७ चीच. म्हणजे त्याला दाखल्यासाठी मराठी कादंबरी मिळणार तरी कुठून? दाते-कर्वे कोशाची पुरवणी १९५० ची. माडगूळकरांची 'बनगरवाडी' आली १९५५ ला आणि रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' १९७१ ला. 'पाचोळा' तर मराठवाड्याच्या बोलीतच लिहिलेली! आपल्या माणसांची भाषा छापून आली, पण त्या जुन्या कोशांचं दार तोवर बंद झालं होतं. ऑनलाइन कोशाचं दार मात्र उघडं आहे. मराठी विक्शनरीत तर कोणीही भर घालू शकतो.

काहीजण म्हणतील, कादंबरी म्हणजे लेखकाची भाषा, लोकांची नाही. मान्य! म्हणून वाक्य पात्राच्या तोंडचं की निवेदनातलं, तेही लिहावं. आणि कादंबरीत सापडला नाही म्हणून शब्द खोटा ठरत नाही. 'बेणं' शब्द आपण हॉस्टेलमध्ये शिवीसारखा वापरतो, पण हळद लावणाऱ्याला विचारा, त्याचं सगळं वर्ष बेण्यावर असतं.

एक पथ्य मात्र पाळायचं. सिनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतो तसं दुसऱ्या कोशातलं वाक्य उचलायचं नाही. पुस्तक हातात घेऊन, पान उघडूनच लिहायचं. कॉपीराइटचंही भान ठेवायचं. आपल्या कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. हरिभाऊ आपटे १९१९ ला गेले, साने गुरुजी १९५० ला, त्यांची पुस्तकं आता मोकळी आहेत. बोराडे सर २०२५ ला गेले. अशा पुस्तकातून एखादंच वाक्य, तेही नावासकट घ्यावं.

आपल्या लायब्ररीत मराठी कादंबऱ्यांचं कपाट आहे, परीक्षेच्या दिवसांत तिकडं कोणी फिरकत नाही. एकेकानं एक कादंबरी घेतली आणि आपल्या गावचे दहा शब्द वाक्यासकट नोंदवले, तरी पुढच्या वर्षी येणाऱ्या एखाद्या पोराला आपलाच शब्द गिळावा लागणार नाही. सरांनीही एखादी कादंबरी घ्यावी ही विनंती.

मी 'वावर'पासून सुरुवात करतोय. बघा, पटतंय का!