बाळंतिणीचे न बोललेले दुखणे

पेण-रोह्याकडील आपल्या घरांत बाळंतिणीच्या पथ्याची आणि सोयर पाळण्याची काळजी सारेच घेतात. पाजताना तिच्या डोळ्यांत पाणी का येते, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. ‘पहिलटकरणीला दुखायचेच’ म्हणून विषय मिटतो. हे योग्य नव्हे. आरंभी क्षणभर ओढ जाणवते हे खरे. पण वेदना थांबतच नसतील, भेगा पडल्या असतील, तर बहुधा बाळाची पकड चुकलेली असते. ते केवळ स्तनाग्र चोखीत असते. बाळाचे पोट मातेच्या पोटाला लागलेले, तोंड जांभईसारखे उघडे, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि भोवतालचा काळसर भाग बराचसा तोंडात, अशी स्थिती हवी. दुखल्यास बाळाला ओढून सोडवू नये. स्वच्छ करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवावी व पुन्हा धरवावे. शेवटी दुधाचेच दोन थेंब भेगांना लावून वाळू द्यावेत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन दगडासारखे भरतात. तेव्हा भीतीने पाजणे थांबविले तर त्रास वाढतोच. थोडे दूध हाताने काढावे, मग पाजावे. ताप वा लाली असल्यास पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. आशा सेविका तिसऱ्या व सातव्या दिवशी भेटीस येतात. सासूबाईंनी त्यांना दारातूनच निरोप न देता बाळाची पकड पाहावयास सांगावे.

आणि डबा? जिच्या जाहिरातीस १९९२ च्या कायद्याने बंदी घातली, ती दुधाची भुकटी आपल्याच कोणाच्या दुकानातून घरात येते, ती बहुधा याच चौथ्या रात्री.