वावरातील विद्या

मृगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या शाळेतून बाहेर पडून महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभे राहिलेले जुने विद्यार्थी सल्ला विचारावयास आमच्याकडे येतात. मुख्य विषय कोणता घ्यावयाचा, हे त्यांनी व त्यांच्या वडील मंडळींनी बहुधा आधीच ठरविलेले असते. प्रश्न उरतो तो वैकल्पिक विषयाचा. दोन वर्षांपूर्वी विज्ञानशाखेकडे गेलेला असाच एक विद्यार्थी विषयांची यादी घेऊन आला. यादीत ग्रामीण समाज व त्याचे आरोग्य यासंबंधी एक विषय होता. आणि त्याच्याच खाली, घरबसल्या भरपूर गुण पदरात पडावेत असा दुसराही एक होता. "सर, यांतला कोणता घेऊ?" असे त्याने विचारले. आम्ही क्षणभरही विचार न करता त्यास सोपा विषय दाखविला. तो आभार मानून गेला. परंतु आमचे मन मात्र त्या दिवसापासून स्वस्थ नाही. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवू नये, असे ज्या शिक्षकाने वर्गात वर्षानुवर्षे सांगितले, त्यानेच प्रसंग येताच पाठ फिरविण्याची वाट दाखवावी, यास काय म्हणावे? त्या चुकीचे अल्पसे परिमार्जन म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत.

इ.स. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून आपल्या राज्यात पदवीच्या अभ्यासक्रमाची नवी रचना आली आहे. तीत मुख्य विषयाच्या जोडीस, आपल्या विद्याशाखेबाहेरील काही विषय विद्यार्थ्याने स्वतःच्या पसंतीने निवडावयाचे असतात. आणि समाजात जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामासही श्रेयांक ठेविलेले आहेत. योजना चांगली आहे. परंतु जी निवड ज्ञानाची कक्षा वाढविण्यासाठी दिली, तिचा उपयोग आपण श्रम वाचविण्यासाठी करू लागलो, तर ती असून नसल्यासारखीच होय. यासाठी वैकल्पिक विषय कोणत्या कसोटीवर घासून घ्यावा, हे एका गावाच्या उदाहरणाने सांगण्याचा आमचा विचार आहे.

पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर नावाचे एक गाव आहे. 1992-93 च्या सुमारास, हा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असता, वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने व त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या रोगांनी दगावल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या आणि सारा महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून काही तासांच्या वाटेवर असे घडावे, याचे अनेकांस आश्चर्य वाटले. पुढे योजना आल्या, अंगणवाड्या वाढल्या, अधिकाऱ्यांच्या फेऱ्या झाल्या. तरीही 2016 साली शेजारच्या मोखाडा तालुक्याचे नाव याच कारणाने पुन्हा वर्तमानपत्रांत झळकले. इतक्या वर्षांनंतरही ही वेळ का यावी?

या प्रश्नास एकच एक उत्तर नाही, आणि आमच्या म्हणण्याचे मर्म नेमके येथेच आहे. वैद्यकाचा विद्यार्थी म्हणेल, बाळ जन्मतःच अडीच किलोहून कमी वजनाचे होते, आणि न्यूमोनियाने वा अतिसाराने गेले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, नाचणी-वरईचे पीक वर्षभर पुरत नाही, म्हणून दिवाळीनंतर घरेच्या घरे वीटभट्टीच्या कामावर स्थलांतर करतात. मग अंगणवाडीतला आहार गावात राहतो आणि मूल भट्टीवर. स्थापत्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, पावसाळ्यात ओहोळ भरला की पाड्यावरून दवाखान्यात जाण्यास वाटच उरत नाही. समाजशास्त्राचा विद्यार्थी मुलीच्या लग्नाचे वय विचारील. आणि भाषेच्या विद्यार्थ्यास कळेल की, वारली किंवा कोकणा माउलीने स्वतःच्या बोलीत सांगितलेले दुखणे शहरी कानास नीट समजलेलेच नाही. यांतील प्रत्येकाचे म्हणणे खरे आहे; पण एकट्याचे कोणाचेच पुरे नाही. आपल्या शाखेच्या भिंतीआड बसलेल्या विद्वानास बाळाच्या मृत्यूचा एकेक तुकडा तेवढा दिसतो. ती भिंत थोडी खाली करून शेजारच्या शाखेचा प्रश्न ऐकावयास लावणे, हे वैकल्पिक विषयाचे खरे काम होय.

पाण्याचीच गोष्ट घ्या. जव्हारच्या डोंगरात वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. परंतु जमीन उताराची, मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण. म्हणून पाणी वाहून जाते आणि फाल्गुन-चैत्रात विहिरी तळास जातात. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण 2014 साली पुरे झाले. त्यातून मुंबईस दररोज सुमारे 45 कोटी लिटर पाणी मिळते. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागते. मुंबई-ठाण्याच्या ज्या विद्यार्थ्याने सकाळी नळ सोडून तोंड धुतले, त्याचा या मुलखाशी काही संबंध नाही असे कोण म्हणेल? हे पाणी कोठून येते, हे त्यास भूगोलाच्या पुस्तकात सापडेल. परंतु ते कोणाच्या दारावरून येते, हे समजण्यास त्याला मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर हंड्यांच्या रांगेत उभे राहावे लागेल.

असे शिक्षण केवळ भावना चाळविते, असे कोणी समजू नये. त्यातून शास्त्रही घडते. याचा दाखला आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकास, गडचिरोलीत आहे. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावच्याच स्त्रियांस नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यूचे प्रमाण 62 टक्क्यांनी उतरले. बाळाचा श्वास एका मिनिटात किती वेळा चालतो, यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. पण ज्या सुईणीस मोठे आकडे मोजता येत नाहीत, तिने काय करावे? म्हणून तिच्यासाठी मण्यांचे एक साधे मोजयंत्र करण्यात आले. हे साधन सुचले ते कोणास? जो सुईणीशेजारी बसला आणि तिची अडचण आपली मानून विचार करू लागला, त्यास.

आमच्यासारख्या मिशन शाळेच्या वाचकांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. हिंदुस्थानातील समाजकार्याच्या उच्च शिक्षणाचा आरंभ 1936 साली मुंबईत, गिरणी कामगारांच्या वस्तीनजीक नागपाड्यात झाला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हे तेथे 'नेबरहुड हाउस' चालवीत असत. सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा त्याच वास्तूत उघडली आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आधी शेजार आणि मग वर्ग, हा तिचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पालक विचारतील, "हे सारे खरे, पण मुलाच्या पोटापाण्याचे काय?" प्रश्न रास्त आहे, आम्हीही पालकच आहोत. आमचे उत्तर इतकेच की, वैकल्पिक विषय मुख्य विषयाची जागा घेत नाही. तो त्यास पाय देतो. ज्या अभियंत्याने एका पाड्याच्या पाण्याचा ताळेबंद स्वतः मांडला, तो उद्या कोणत्याही कचेरीत कमी ठरणार नाही. दुसरे कोणी म्हणतील, "राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून आहेच की!" आहे, आणि तिच्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु शिबिरात हात चालतात. विषयाच्या अभ्यासात हातांबरोबर डोकेही चालले पाहिजे. बंधारा बांधणे हे श्रमदान. तो बंधारा दोन पावसाळ्यांत का फुटला, हे शोधणे ही विद्या.

मात्र एका गोष्टीचे भय आम्हांस वाटते. वावरसारखे गाव म्हणजे काही विद्यार्थ्यांनी पाहावयाचे प्रदर्शन नव्हे. बसमधून उतरावे, अंगणवाडीसमोर छायाचित्रे काढावीत, प्रश्नावली भरावी आणि संध्याकाळी परतावे, असा विषय असेल तर तो न घेतलेलाच बरा. ज्या आईचे मूल गेले, तिला दरवर्षी नव्या वहीसमोर तेच दुःख पुन्हा सांगावयास लावणे, हा शिक्षणाच्या नावाखाली केलेला निर्दयपणा होय. म्हणून आमच्या मते अशा विषयास तीन बंधने असावीत. महाविद्यालयाने एकाच परिसराशी वर्षानुवर्षे नाते ठेवावे. विद्यार्थ्याने सल्ला देण्याआधी तेथील बोली, पीक व ऋतुमान शिकावे. आणि जे काही आढळले, ते परीक्षकाच्या टेबलावर ठेवण्याआधी ग्रामसभेपुढे ठेवावे. पहिले गुण गावाने द्यावेत. विद्यापीठाने मागाहून द्यावेत.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या मराठीत 'वावर' म्हणजे शेत. शेताची विद्या बांधावर उभे राहून येत नाही. पाय चिखलात घालावे लागतात. उद्या तुमच्या हाती विषयांची यादी येईल, तेव्हा 'गुण कशात मिळतील?' याबरोबरच 'यात मला कोणाचे दुःख समजेल?' हा प्रश्नही स्वतःस विचारा. आणि पालकहो, मुलाने अवघड परंतु उपयोगी विषय निवडला तर त्यास मागे ओढू नका.

आमचा तो विद्यार्थी परवा रस्त्यात भेटला. सोप्या विषयात त्यास उत्तम गुण मिळाले होते. "त्यात काय शिकलास?" असे आम्ही विचारले. तो हसला, आणि थोडे आठवून म्हणाला, "सर, आता लक्षात नाही." दोष त्याचा नव्हता. येत्या मृगात कोणी यादी घेऊन आमच्या दारी आला, तर आमचे बोट या वेळी दुसऱ्या ओळीवर पडेल.