महिनाभर आलो नाही तर?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम चांगला की वाईट, हे ओळखायची माझी एक साधी टेस्ट आहे. ग्राफिक्स बघायचे नाहीत, नकाशा किती मोठा ते विचारायचं नाही. फक्त एक प्रश्न विचारायचा : मी महिनाभर आलो नाही, तर इथे माझं काय होईल?

पुण्या-मुंबईच्या प्लेअरला हा प्रश्न कदाचित उशिरा सुचेल. आम्हा अमरावती-अकोल्याच्या पोरांना तो फार लवकर पडला. कारण, लोडशेडिंग! २००५ नंतरची ती वर्षं आठवा. बाकीच्या महाराष्ट्रात लाइट जाते, वऱ्हाडात लाइन जाते. त्यात बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं आणि त्याच्या एका प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ वापर अमर्याद होता. झालं! आमचं घड्याळच त्या दोनच्या ठोक्यावर लागलं. अमेरिकेतली माणसं दुपारी-संध्याकाळी खेळायला बसायची तेव्हा आम्ही आईला ऐकू जाऊ नये म्हणून कीबोर्डखाली टॉवेल अंथरून बसलेलो असायचो.

आम्ही सहा जण. तीन अमरावतीचे, तीन अकोल्याचे, मधे मुर्तिजापूर आणि शंभरेक किलोमीटरचा रस्ता. काहींनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. पण कोणी पुढे उभं राहून मार खायचा, कोणी मागून बाण मारायचे, कोणी सगळ्यांना जिवंत ठेवायचं, हे पक्कं ठरलेलं. आणि नेमकं मोठ्या राक्षसासमोर आमचा पुढचा गडी पुतळ्यासारखा थिजायचा. लगेच फोन.

‘काऊन बे, मेला का?’

‘लाइन गेली ना बाप्पा! तुम्ही पळा!’

आता यात डिझाइनचा प्रश्न काय? सांगतो. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये मेलात की तुमचं सामान प्रेतापाशीच राहायचं आणि कमावलेला अनुभवही कापला जायचा. डिझायनरचं म्हणणं असं, की भीती नसेल तर जिंकण्याला चव नाही. मला ते पटतं. अंधाऱ्या गुहेत आगाऊपणा करून शिरलो तर शिक्षा व्हायलाच हवी. पण आगाऊपणाची शिक्षा वेगळी आणि गैरहजेरीची शिक्षा वेगळी. पहिली खेळाचा भाग आहे. दुसरी म्हणजे निव्वळ मस्टर.

आजच्या गेम्सनी पहिली शिक्षा बरीच सौम्य केली आणि दुसरी वाढवली. रोज लॉग-इन केलंत तर बक्षीस, सातव्या दिवशी मोठं बक्षीस, एक दिवस चुकला की अनेक ठिकाणी मोजणी पुन्हा एकपासून. सीझनचा पास पैसे देऊन घ्या आणि मग मुदतीत तो ‘संपवा’. म्हणजे पैसे आपणच द्यायचे आणि ओव्हरटाइमही आपणच करायचा! ऑफिसात अंगठा लावून हजेरी देतोय तेवढी पुरे नाही का?

गंमत म्हणजे याहून चांगलं कसं करायचं, हे या धंद्याला केव्हापासून माहीत आहे. २००४ मध्ये आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा किस्सा प्रसिद्ध आहे. चाचणीच्या काळात त्यांनी ठरवलं होतं, की कोणी फार वेळ खेळला तर त्याला मिळणारा अनुभव निम्म्यावर आणायचा. प्लेअर भडकले. मग त्यांनी तीच गोष्ट उलटी मांडली : तुम्ही बाहेर असताना तुमचं पात्र विश्रांती घेतं आणि परत आलात की काही काळ दुप्पट अनुभव मिळतो. गणित जवळपास तेच, पण आधी ‘फार खेळलास’ म्हणून कापत होते, आता ‘ये, आराम झाला ना’ म्हणून देतात. आपण घरी आल्यावर आजी ज्या सुरात बोलते, तसा हा बदल आहे.

२००३ पासून चालू असलेल्या ईव्ह ऑनलाइनमध्ये तर कौशल्यं खऱ्या वेळेनुसार वाढतात. शिकायला लावून ठेवा आणि मीटिंगला जा, शिकणं चालूच राहतं. २०१२ च्या गिल्ड वॉर्स २ मध्ये कमाल लेव्हल तेव्हा ८० होती, आजही ८०च आहे. तीन वर्षांनी परतलात तरी बाकीचे तुमच्यापेक्षा चाळीस लेव्हल पुढे गेलेले नसतात.

दुसरी बाजूही मांडतो. फायनल फँटसी १४ मध्ये तुम्ही घर घेऊ शकता, पण ४५ दिवस त्या घरात पाऊल टाकलं नाही तर ते पाडायला काढतात. ऐकायला क्रूर वाटतं. पण तिथे प्लॉट मोजके आहेत आणि घर मागणारे पुष्कळ. मालकच येत नसलेली घरं तशीच ठेवली, तर नव्या माणसाला भुताचं गाव बघत फिरावं लागेल. हा प्रश्न खरा आहे आणि डिझायनरला कोणाच्या तरी बाजूने निर्णय घ्यावाच लागतो. माझं म्हणणं इतकंच, की घर गेलं तरी चालेल, माणसांमधली जागा जाता कामा नये.

हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या सहा जणांत सगळ्यांना जिवंत ठेवणारा जो होता, तो अकोल्याचा. कॉलेज संपलं, नोकऱ्या लागल्या, दोघं पुण्याला गेले, तरी शनिवारी रात्री आमचा खेळ चालूच होता. मग त्याच्या वडिलांचं आजारपण आलं आणि तो येईनासा झाला. आम्ही तेव्हा जो गेम खेळत होतो, त्यात ३० दिवस न आलेल्या सभासदाला सिस्टिम आपोआप गटातून काढायची आणि तसा मेल पाठवायची. मेलमध्ये ‘तुमच्या गटाने तुम्हाला काढले आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून त्याने तो वाचला. त्यानंतर त्याने आमचा फोन घेतला नाही. आम्हाला वाटलं, तो घरच्या धावपळीत आहे. त्याला वाटलं, आम्ही त्याला काढला.

गाठ पडली ती थेट पुढच्या श्रावणात, अकोल्याला, कावडीच्या दिवशी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची मंडळं गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी खांद्यावर घेऊन अनवाणी चालत येतात आणि राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. मोठमोठ्या भरण्यांच्या त्या पालख्या उचलायला अनेक खांदे लागतात. आमचा हिलर तिथे पालखीला खांदा देऊन उभा. मेलचा खुलासा झाला, शिव्या झाल्या, चहा झाला. मग तो म्हणाला, ‘मागच्या वर्षी बाबा दवाखान्यात होते, मी कावडीले आलोच नाही. यंदा आलो तं कोणी काही विचारलं नाही. हा सरकला, तो सरकला, झाली जागा.’

डिझायनर लोकांनी हे वाक्य लिहून ठेवावं असं मला वाटतं. माणूस परत आला की गटाने थोडं सरकायचं, एवढंच. आणि ते यंत्रणेत बसवता येतं. गटातून माणसाला काढायचं बटण माणसाच्याच हातात ठेवा, कॅलेंडरच्या नको. न आलेल्याच्या नावापुढे ‘रजेवर’ लिहा. मागे पडलेल्याला पुढच्या मित्रांबरोबर खेळता येईल अशी सोय द्या, म्हणजे एकाची लेव्हल ६० आणि दुसऱ्याची ९० असली तरी शनिवार वाया जाणार नाही. यातलं काहीच अवघड नाही, बरंचसं कुठे ना कुठे केलेलंही आहे.

आपल्या वयात आता रात्री २ ते ८ जागणं शक्य नाही. अप्रेजल आहे, ईएमआय आहे, कोणाच्या घरी बाळ आहे, कोणाच्या घरी आजारी बाप आहे. दोस्त टिकवायला आठवड्यातले दोन तास मिळाले तरी पुष्कळ. ते दोन तास कुठे घालवायचे ते ग्राफिक्स बघून ठरवू नका. एखाद्या गेमला कार्डाचा नंबर देण्याआधी, त्यातून मधेच निघून गेलेल्या आणि परत आलेल्या एका माणसाला गाठा आणि विचारा, तुला जागा मिळाली का?