वीस वर्षे उशिरा आलेला वायू

नॉर्वेचा नैसर्गिक वायू डेन्मार्कमार्गे पोलंडला पोहोचवणाऱ्या ‘बाल्टिक पाइप’ या वायुवाहिनीच्या उद्घाटनाचा आज, २७ सप्टेंबर रोजी, वर्धापनदिन आहे. २०२२ साली याच दिवशी पोलंडमधल्या गोलेन्यूफ येथे पोलंड आणि डेन्मार्कच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत ती सुरू झाली. आदल्याच दिवशी बोर्नहोल्म बेटाजवळ रशियातून जर्मनीला जाणाऱ्या नॉर्ड स्ट्रीमच्या चारपैकी तीन वाहिन्या स्फोटांनी फुटल्या होत्या आणि समुद्राच्या पृष्ठभागावर वायू उसळत होता. जगाचे कॅमेरे साहजिकच तिकडे वळले. गोलेन्यूफचा समारंभ मागे पडला. शिकण्यासारखे मात्र तिथे अधिक होते.

ही वाहिनी खरे तर २००१ सालची. त्या वर्षी पोलंडमधल्या येझी बुझेक यांच्या सरकारने डेन्मार्कशी आणि नॉर्वेशी वायुपुरवठ्याचे करार केले होते. पोलंडला लागणारा बहुतांश आयात वायू तेव्हा रशियाकडून येई आणि एकाच दाराने घरात धान्य येत असेल तर दाराची किल्ली कोणाकडे आहे याचा विचार करावा लागतो, एवढे त्या सरकारला कळत होते. पण निवडणुकीत बुझेक हरले. नंतरच्या लेशेक मिलर यांच्या सरकारने आकडेमोड केली: मागणी अंदाजापेक्षा कमी, नॉर्वेचा वायू महाग, रशियाचा स्वस्त आणि त्याची वाहिनी तर आधीच टाकलेली. करार बारगळले. त्या काळच्या ताळेबंदात मिलर सरकारचे गणित चुकलेले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. चुकले होते ते मोजमाप. दर हजार घनमीटरला किती पैसे पडतात हे त्यात होते. पुरवठा तुटला तर काय पडेल याचा रकानाच त्यात नव्हता.

तो रकाना लवकरच भरू लागला. जानेवारी २००६ आणि जानेवारी २००९ मध्ये रशिया-युक्रेन वादात ऐन हिवाळ्यात वायू अडला. २०११ मध्ये नॉर्ड स्ट्रीम सुरू झाली आणि पोलंडला वळसा घालून वायू थेट जर्मनीत जाऊ लागला. म्हणजे पोलंडला वगळून युरोपला वायू विकणे रशियाला सोपे झाले. दरम्यान पोलंडने बाल्टिक किनाऱ्यावर श्विनोउइश्चे येथे द्रवरूप वायूचे टर्मिनल उभारले. २०१५ च्या अखेरीस तिथे कतारहून पहिले जहाज लागले. जुना नॉर्वेचा प्रस्ताव पुन्हा बाहेर निघाला आणि या वेळी सरकारने तो सोडला नाही. रशियाच्या गाझप्रोमशी असलेला दीर्घ करार २०२२ च्या अखेरीस संपणार होता. त्याआधी वाहिनी तयार हवी, अशी उलटी मोजणी सुरू झाली.

काम सोपे नव्हते. उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या वाहिनीला जोड द्यायचा, डेन्मार्कची भूमी आडवी ओलांडायची, मग फाक्से येथून समुद्रात उतरून सुमारे २७५ किलोमीटर समुद्रतळावरून पोलंडचा किनारा गाठायचा. जहाजावर एकेक नळ जोडायचा, सांधा तपासायचा आणि हळूहळू तळाशी सोडायचा. नळ पाण्यात स्थिर राहावा म्हणून त्यावर काँक्रीटचे आवरण असते. २०२१ मध्ये तर डेन्मार्कच्या अपील मंडळाने पर्यावरण परवानाच रद्द केला, कारण वाटेत वटवाघळे आणि डॉरमाउस नावाचा चिमुकला संरक्षित प्राणी होता. काही भागांतले काम थांबले, उपाययोजना ठरल्या, काम पुन्हा सुरू झाले. या विलंबाची चेष्टा करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. ज्या देशात प्राण्यांचा हा हिशेब मांडला जातो तिथे पाइपलाइनच्या वाटेवरच्या माणसांचाही मांडला जातो.

२७ एप्रिल २०२२ च्या सकाळी रशियाने पोलंडचा पुरवठा तोडला. रूबलमध्ये पैसे द्या, असा हट्ट होता. पोलंडने तो नाकारला. बाल्टिक पाइप पूर्ण व्हायला तेव्हा अजून पाच महिने होते. भूमिगत साठे तीन चतुर्थांशांच्या आसपास भरलेले होते, श्विनोउइश्चेला जहाजे येत होती आणि शेजाऱ्यांशी जोडण्या होत्या. म्हणून घराघरांतली शेगडी विझली नाही. वर्षाला दहा अब्ज घनमीटर क्षमतेची नवी वाहिनी वर्षाअखेर पूर्ण जोमाने वाहू लागली.

समुद्राखालची वाहिनी म्हणजे अभेद्य तटबंदी, असे मात्र कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड आणि एस्टोनियामधली बाल्टिककनेक्टर ही वायुवाहिनी एका जहाजाच्या ओढल्या गेलेल्या नांगराने फाटली आणि ती दुरुस्त व्हायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. फिनलंडचा हिवाळा निभावला, कारण इंको बंदरात द्रवरूप वायूचे तरंगते टर्मिनल आधीच आणून ठेवले होते. बळ आहे ते अनेक वाटांमध्ये. जिथे वाट एकच असते तिथे पाणबुड्यांचा पहाराही पुरत नाही.

हे सारे आपल्यापासून दूरचे नाही. भारत आपल्या गरजेचा जवळपास निम्मा वायू आयात करतो आणि हा आयात वायू सगळाच जहाजाने येतो. त्यातला मोठा वाटा कतारचा, म्हणजे होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येणारा. २०२२ मध्ये युरोपातल्या त्याच संकटात गाझप्रोमच्या माजी उपकंपनीकडून ‘गेल’ या सरकारी वायुकंपनीला मिळणारा करारातला वायू थांबला आणि गेलला आपल्या ग्राहकांच्या पुरवठ्यात कपात करावी लागली. युरिया वायूपासून बनतो. त्यामुळे दूरच्या समुद्रात झडप बंद झाली की तिची झळ शेवटी शेतकऱ्याच्या खताच्या गोणीपर्यंत पोहोचते.

समुद्रतळावरच्या नळांची आपल्याला ओळख नाही असेही नाही. मुंबई हायचा वायू गेली अनेक दशके अशाच नळांतून उरणला येतो. ओमानच्या किनाऱ्यापासून गुजरातपर्यंत खोल समुद्रातून वाहिनी टाकण्याचा विचार तर १९९३ पासूनचा. ओमानचा तो किनारा होर्मुझच्या बाहेर आहे, हे त्या मार्गाचे मोठे मोल. अडचण खोलीची. तिथे अरबी समुद्र साडेतीन किलोमीटरच्या आसपास खोल जातो आणि काळ्या समुद्रातली टर्कस्ट्रीमसारखी खोल वाहिनीसुद्धा सव्वादोन किलोमीटरच्या आतच आहे. नव्वदच्या दशकात प्रस्ताव त्याच खोलीत बुडाला, पुढे पुन्हा वर आला आणि अधूनमधून बातम्यांत डोकावत राहिला. इराण-पाकिस्तान मार्गाच्या वाहिनीतून भारत आधीच बाहेर पडला आहे.

ओमानची वाहिनी टाकलीच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. ती परवडणार नाही असे उत्तर आले तर तेही उत्तर आहे. मात्र ते आजच्या जहाजी वायूच्या दराशी तुलना करून काढलेले नसावे; होर्मुझ सहा महिने बंद राहिली तर खताचे, विजेचे आणि शहरांतल्या स्वयंपाकघरांचे काय, हा खर्च त्यात धरलेला असावा. केंद्र सरकारने समुद्रतळाची पाहणी, नळाची चाचणी आणि खर्चाचा अंदाज संसदेपुढे ठेवावा आणि होय किंवा नाही, काय ते ठरवावे. आणि त्या निर्णयाची वाट न पाहता वायूचे भूमिगत साठे उभारायला घ्यावेत. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे आपण खडकात गुहा कोरून साठे केले. वायूसाठी असा राखीव साठा देशात अजून नाही.