चोळावे, पण केव्हा?

कोपर दाराला आपटले की आपला हात आपोआप तिथे चोळू लागतो आणि कळ कमी होते. असे का? १९६५ साली मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी सुचवले, की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. तालमीतल्या मालिशीने थकलेले स्नायू सैलावतात, मनावरचा ताणही हलका होतो. हा लाभ खरा आहे. पण चोळून ‘हाड जागेवर बसते’, ही समजूत मला घातक वाटते. खेळताना पडून मनगट सुजले, तर ते चोळू नका; हाड मोडलेले असल्यास इजा वाढते. हात झोळीत स्थिर ठेवा, डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे काढा. चोळणारा कितीही अनुभवी असो, हाडातली बारीक चीर त्याच्या बोटांना कळेलच असे नाही.