खाट सोडण्याची वेळ

अमक्याचे 'हार्ट फेल झाले' असे गोंदियाच्या बाजारात कोणी म्हटले, तर ऐकणारा अंत्ययात्रेची वेळ विचारतो. मराठी व्यवहारात या शब्दांना मृत्यूचाच अर्थ चिकटला आहे. वैद्यकात मात्र त्यांचा अर्थ निराळा. तेथे हृदय थांबलेले नसते. शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती उणावलेली असते. त्यामुळे धाप लागते, पावले सुजतात, आडवे होताच श्वास कोंडतो. उपचारांनी सावरलेला असा माणूस कागदावर हे दोन शब्द घेऊन घरी येतो आणि घरचे त्याला खाटेवर बसवून ठेवतात. पाण्याचा तांब्यासुद्धा त्याला उचलू देत नाहीत. त्यात माया असते, पण अशा मायेने माणूस अधिकच दुबळा होतो.

दोष एकट्या घरच्यांना देता येणार नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर कित्येक आठवडे अंथरूण सोडू न देणे हाच एके काळी शास्त्रसंमत उपचार होता. बोस्टनच्या डॉ. सॅम्युएल लेव्हाइन यांनी १९५२ साली अशा रोग्यांना खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला, तेव्हा तेही धाडसच वाटले होते. पुढे शास्त्राने आपले मत बदलले. ते बदललेले मत आपल्या ओसरीपर्यंत पोहोचलेले नाही.

पडून राहिल्याने पायांचे स्नायू झिजतात आणि झिजलेल्या स्नायूंना थोड्या श्रमानेही धाप लागते. म्हणूनच व्यायामाचा पुष्कळसा लाभ हृदयापेक्षा स्नायूंच्या व रक्तवाहिन्यांच्या द्वारे होतो. अमेरिका, कॅनडा व फ्रान्समधील २,३३१ रोग्यांवरील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रकृती स्थिरावलेल्या रोग्यांना बेताचा व्यायाम निर्धोक असतो आणि त्यांचे जगणे सुसह्य होते, असे त्यात दिसले. आयुष्य वाढल्याचा पुरावा मात्र माफकच होता. भारतातील २४ रुग्णालयांत झटक्यातून उठलेल्या सुमारे चार हजार रोग्यांवर योगाधारित पुनर्वसनाचा प्रयोग झाला. बारा आठवड्यांत तेरा सत्रे, एवढाच त्याचा व्याप. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यू घटल्याचे सिद्ध झाले नाही, परंतु पूर्वीच्या कामाकडे परतणे सुकर झाले. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला हा लाभ थोडा नव्हे.

अर्थात हा व्यायाम म्हणजे आखाडा नव्हे. सूज उतरली, औषधांचे प्रमाण बसले, की डॉक्टरांच्या संमतीने आरंभ करावयाचा. सहा मिनिटांत रोगी किती चालतो ते मोजतात. मग बोलता बोलता चालता येईल अशा गतीने पाच-दहा मिनिटे, आणि हळूहळू वाढ. रोज सकाळी वजन करावयाचे. दोन-तीन दिवसांत ते दोन किलोंनी वाढले किंवा निजल्यावर धाप लागली, तर चालणे थांबवून डॉक्टरांकडे जावयाचे. लोणचे-पापडांना रजा, औषधांना मात्र नाही.

हे सारे देखरेखीखाली व्हावे, आणि अडचण तेथेच आहे. सालेकसा वा देवरीच्या शेतमजुराने आठवड्यातून तीनदा नागपूर गाठावे, ही कल्पनाच क्रूर आहे. गोंदियाहूनच नागपूर सुमारे १३० किलोमीटर पडते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी एक खोली, एक भौतिकोपचारतज्ज्ञ, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि तातडीच्या उपचारांची तयारी एवढ्यावर हे काम चालू शकते. पहिली काही सत्रे तेथे आणि पुढची घरी, तालुक्याच्या रुग्णालयाच्या लक्षाखाली, अशी वाटणी करता येईल. मनुष्यबळ अपुरे आहे ही तक्रार खरीच. पण महात्मा फुले योजनेतून हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलणाऱ्या राज्याला पुढच्या बारा आठवड्यांचा भार जड वाटू नये.

धानाच्या या जिल्ह्यात जूनमध्ये घरी आलेल्या रोग्यापुढे महिन्याभरात रोवणी उभी राहते. बांधीतल्या चिखलात उतरावयाचे की नाही, आणि उतरावयाचे तर किती वेळ, हे त्याला कोणी तरी मोजून-पारखून सांगितले पाहिजे.