दुकानाची दुसरी पाटी

‘चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही,’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि ते म्हणणारी माणसे बहुधा सचोटीचीच असतात. माझी मावशी त्यांपैकी एक. अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या मागे तिची खानावळ. दोन वेळची चपाती-भाजी, आमटी-भात, रविवारी दुपारी काहीतरी गोड आणि संध्याकाळी सुट्टी. कोणाचे घरून पैसे यायला उशीर झाला, तर ती चार दिवस थांबते. पण ताट थांबवत नाही. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली कितीतरी मुले तिच्या हातचे जेवून पदवीधर झाली. तिने आजवर एक हँडबिलही छापलेले नाही.

गेल्या वर्षी रस्तारुंदीकरणात तिची जागा गेली. दोन गल्ल्या पलीकडे तिने भाड्याने जागा घेतली आणि जुन्या दारावर खडूने नवा पत्ता लिहून ठेवला. पुढे ते दारच पाडले गेले. जून उजाडला, कॉलेजे उघडली. पण नवी मुले काही आली नाहीत. मावशीने निष्कर्ष काढला, ‘‘आताच्या पोरांना घरचं जेवण नकोच रे, त्यांना चायनीजच्या गाड्या हव्यात.’’ काका त्याहून निराश. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर कुलूप लावू, असे त्यांनी बोलूनच दाखवले.

आणि एके दिवशी वर्गातला एक नवा मित्र मला म्हणाला, ‘‘तुझ्या मावशीची खानावळ बंद झाली ना? मी जूनमध्येच शोधली होती.’’ त्याने मोबाइल पुढे केला. नकाशावर जुन्याच जागी खानावळीचे नाव होते आणि खाली शब्द होते : ‘कायमचे बंद’. त्याच सकाळी मी त्या खानावळीत पोहे खाऊन निघालो होतो! धडधाकट माणसाच्या हाती त्याचाच मृत्यूचा दाखला पडावा, तसे मला झाले.

मित्रहो, दोष कोणाचा? नकाशाचा म्हणावा, तर जागा बदलल्याचे त्याला आम्ही कधी कळवलेच नव्हते. कोणी जाणाऱ्या-येणाऱ्याने पाडलेले दार पाहून प्रामाणिकपणे ‘बंद’ असे कळवलेही असेल. दोष आमचाच. खडूची पाटी आम्ही लिहिली. परंतु दुकानाला आता दुसरीही एक पाटी असते, आणि परगावचा माणूस तीच आधी वाचतो, हे आमच्या ध्यानी आले नाही.

ही दुसरी पाटी काही अगदीच नवी नाही. 1878 साली अमेरिकेतील न्यू हेवन या गावी टेलिफोनधारकांची पहिली यादी निघाली, ती अवघ्या पन्नास नावांची, एका पानाची. तीत नंबरसुद्धा नव्हते. पुढे धंद्यांच्या पिवळ्या पानांच्या जाडजूड डिरेक्टऱ्या झाल्या. आपल्याकडे 1996 साली जस्टडायल सुरू झाली आणि लोक फोन करून प्लंबरचा, डॉक्टरचा पत्ता विचारू लागले. आज तेच काम फोनमधला नकाशा, शोधयंत्र आणि निरनिराळ्या ऑनलाइन डिरेक्टऱ्या करतात. काळ बदलला तरी विचारणाऱ्याचा प्रश्न तोच आहे : ‘अहो, इथे जवळपास चांगली खानावळ कुठे आहे?’ पूर्वी हा प्रश्न पानटपरीवाल्याला विचारीत. आता खिशातल्या यंत्राला विचारतात, एवढाच फरक.

पण पानटपरीवाल्याला भावकी कळत होती, यंत्राला ती कळत नाही. मावशीच्या खानावळीच्या नावात ‘ज्ञ’ आहे. आम्ही शोधू लागलो, तेव्हा तीन ठिकाणी तिच्या तीन नोंदी सापडल्या. एकीत ‘ज्ञ’ मराठी रीतीने ‘डी-एन-वाय’ असा लिहिलेला, दुसरीत हिंदी उच्चाराप्रमाणे ‘जी-वाय’, तर तिसरीत ‘जे-एन’. एका नोंदीत केव्हाच तोडलेल्या लँडलाइनचा नंबर, दुसरीत काकांचा हरवलेला मोबाइल. जिल्ह्याचे नाव कोठे अहमदनगर, कोठे 2024 साली झालेले अहिल्यानगर. अक्षराचा किरकोळ फरक यंत्र समजून घेते. पण नाव, पत्ता आणि फोन ही तिन्ही ठिकठिकाणी वेगळी दिसली, की हे एक दुकान की तीन, असा त्याला संभ्रम पडतो. ज्याची खात्री नाही, त्याचे नाव ते पुढे कशाला करील? धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर येथील दुकानदारांनीही, 2023 साली नावे बदलल्यानंतर आपल्या नोंदी एकदा तपासून पाहाव्यात.

गूगलच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे, जवळची दुकाने दाखवताना मुख्यतः तीन गोष्टी पाहिल्या जातात : विचारलेल्या गोष्टीशी दुकानाचा मेळ, विचारणाऱ्यापासूनचे अंतर आणि दुकानाची ख्याती. यांपैकी अंतर आपल्या हाती नाही. ख्याती वर्षानुवर्षांच्या वागणुकीने मिळते. मेळ मात्र आपण नीट लिहिले तरच बसतो, आणि येथे आपल्या कलाशाखेचा संबंध येतो. मावशीच्या पाटीवर ‘खानावळ’ आहे. मुले शोधताना ‘मेस’ असे लिहितात. एका नोंदीत तर तिला ‘रेस्टॉरंट’ करून टाकले होते. आम्ही ‘खानावळ’ हे नाव तसेच ठेवले आणि वर्णनात ‘महिन्याची मेस, डबे मिळतील’ असे साध्या शब्दांत लिहिले. जेवणाच्या वेळा लिहिल्या, रविवारची सुट्टी लिहिली, नव्या पाटीचे छायाचित्र लावले आणि नकाशावरची खूण दोन गल्ल्या सरकवली. सर्व नोंदींत नाव, पत्ता व फोन अक्षर न् अक्षर एक केला. खर्च शून्य, वेळ मात्र दोन रविवार गेला.

येथे दोन मोह आडवे आले, ते सांगितले पाहिजेत. एका एजंटाने काकांना फोन केला : ‘‘इतके पैसे भरा, तुमचे नाव कायम पहिल्या नंबरावर ठेवतो.’’ काका जवळजवळ तयार झाले होते. वस्तुतः पैसे घेऊन हा क्रम वर नेता येत नाही, असे गूगलच सांगते. पैसे भरून जे वर दिसते ती जाहिरात होय, आणि तिच्यावर तसे लिहिलेले असते. पिवळ्या पानांच्या काळीही काही धंदेवाले आपल्या नावाआधी चार-चार ‘ए’ लावून यादीत पहिले येत. युक्ती जुनी आहे आणि तिचे वारसदार अजून फिरत आहेत, एवढेच.

दुसरा मोह घरचा. माझे मित्र म्हणाले, ‘‘आपण वीस जण मिळून पाच-पाच तारे देऊन टाकू.’’ हेतू चांगला होता. मावशीला विचारले, तर ती म्हणाली, ‘‘जेवला नाही त्यानं चव सांगू नये.’’ मला वाटते, या विषयावर याहून मार्मिक कोणी बोलणार नाही. भारतीय मानक ब्यूरोने ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी 2022 साली एक मानकच काढले आहे. त्याचा गाभाही हाच, की अभिप्राय खऱ्या ग्राहकाचा असावा आणि तो विकत घेतलेला नसावा. शेवटी जे जेवले होते तेवढ्यांनीच लिहिले. एकाने तर ‘आमटी कधी कधी तिखट होते’ असेही लिहिले. मावशीने ते वाचून घेतले आणि म्हणाली, ‘‘खरंच आहे ते.’’

आपल्यापैकी काही जण, विशेषतः आमचे काही गुरुजन, विचारतील, ‘हा सारा बाजारूपणा कलाशाखेच्या अंकात कशाला?’ माझे नम्र उत्तर असे, की पाटी आणि जाहिरात यांत फरक आहे. जाहिरात म्हणते, ‘माझ्याकडेच या.’ पाटी एवढेच म्हणते, ‘मी येथे आहे.’ जाहिरात न करणे हा मावशीचा स्वाभिमान आहे आणि तो मला प्रिय आहे. परंतु पाटी चुकीची राहू देणे हा स्वाभिमान नव्हे, ती हयगय आहे. तिची किंमत मावशीने मोजली, आणि हॉस्टेलमधल्या त्या मुलांनीही मोजली, जी सहा महिने वडापाव खाऊन राहिली.

आमच्या गावात अशी किती दुकाने असतील! पुस्तकबांधणी करणारा, हार्मोनियम दुरुस्त करणारा, गोधड्या शिवणाऱ्या बायका : कारागिरी अव्वल, पण पत्ता ठाऊक फक्त गल्लीला. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातला एक दिवस या कामाला दिला तर? मात्र तीन पथ्ये पाळावीत. मालकाला विचारल्यावाचून नोंद करू नये, कारण प्रत्येकाला आपला फोन नंबर जगजाहीर व्हावा असे वाटेलच असे नाही. नोंदीचे खाते मालकाच्याच नावे काढून त्याची किल्ली त्याच्याच हाती द्यावी; आपण पदवी घेऊन निघून जाऊ, दुकान येथेच राहणार आहे. आणि नोंदीत असेल तेवढेच लिहावे, एक विशेषणही जास्त नको.

दिवाळीला खानावळीला कुलूप लागले नाही. सगळे डबे परत आले असे मात्र नाही. सहा नवी मुले आली, त्यांपैकी चार नकाशावर पत्ता पाहून. एवढ्याने कोणी श्रीमंत होत नाही. पण जूनपर्यंत चूल पेटती राहील. मावशीला त्या नकाशातले अजूनही फारसे कळत नाही. महिन्यातून एकदा मात्र ती न चुकता विचारते, ‘‘अरे, ती माझी दुसरी पाटी पुसून ठेवलीस का?’’

मी फडके घेत नाही, मोबाइल घेतो. आपणही आपल्या गल्लीतल्या एका दुकानासाठी तो एकदा हाती घ्यावा, एवढेच मागणे आहे.